मागच्या टाकीतलं समुद्रफूल

१

मत्स्यालयाला पुढून काचा असतात आणि मागून पाईप. पुढून येणाऱ्यांना निळा उजेड दिसतो, हळू वाजणारं संगीत ऐकू येतं, आणि संध्याकाळपर्यंत काचेवर पोरांच्या नाकांचे ठसे उमटतात. मागच्या बाजूला ओली फरशी, पंपांची घरघर, खारट वास आणि खुंटीवर उलटे टांगलेले रबरी बूट. तिचं काम मागचं.

लोकांसाठी दार उघडायच्या आधी तिनं सगळ्या टाक्यांवरून एक फेरी मारायची. कोण खातंय, कोण कोपरा धरून बसलंय, कुणाला धाप लागलीये ते बघायचं. शाळा सातवीत सुटली होती, पण काळजी करायला शाळा कुठं लागते? बाळंतपणानंतर तर तिची नजर फारच धास्तावलेली झाली होती. घरी ठकी झोपली की ही तिच्या नाकापुढं बोट धरून बघायची. सासूबाई म्हणायच्या, "झोपलेलं लेकरू उठवून, झोपलंय का म्हणून विचारणारी तूच एक."

ठकी म्हणजे तिची लेक. नुकती रांगायला लागलेली, आणि अंगावरच्या दुधाशिवाय कशालाही तोंड न लावणारी.

रजा संपवून ती कामावर आली, त्याच आठवड्यात ते समुद्रफूल आलं. कुणीतरी घरातली टाकी मोडली होती आणि होतं नव्हतं ते बादल्यांत घालून मत्स्यालयाला देऊन टाकलं होतं. कुठल्या बादलीत काय, हे सांगायला कुणी सोबत आलं नव्हतं. एका बादलीच्या तळाशी मुठीएवढा मऊ तपकिरी गोळा होता.

"हे फूल आहे?" तिनं विचारलं.

"म्हणायचं फूल. आहे प्राणी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. इथल्या जिवांची दुखणीखुपणी त्याच बघायच्या. "खाली एक पाय, वर एक तोंड, आणि मधे नुसतं पोट."

"म्हणजे आमच्या मेहुण्यासारखं," पंपवाला शिडीवरून म्हणाला.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, पण त्यांचे खांदे हलले. त्यांनी गोळा मागच्या टाकीत खडकावर सोडला. बराच वेळ तो तसाच पडून राहिला. मग खडकाच्या फटीत त्यानं पाय रोवला आणि सावकाश उमलला. बोटाबोटाएवढे हात, प्रत्येकाच्या टोकाला फुगलेलं बोंड.

"ओळखायचं कसं ते शिकून ठेव. वरून बघशील तर फसशील, वरून पुष्कळशी सारखीच दिसतात. पायाकडून वर बघत ये. अंगावर पुटकुळ्या आहेत की गुळगुळीत आहे? गुळगुळीत. टोकाला बोंड? आहे. म्हणजे हे बोंडाचं. आता बरं आहे का नाही ते बघायचं. तोंड मिटलेलं हवं. आ वासलेला दिसला की मला हाक मार. रंग पांढराफटक पडता कामा नये. पाय घट्ट हवा. आणि बोट लावलंस तर चिकटलं पाहिजे. चिकटलं म्हणजे जीव आहे. नुसतं गार लागलं तर समज, गेलं."

"आणि चिकटल्यावर?"

"ओढायचं नाही. त्याचं त्याला सोडू द्यायचं."

तिनं बाही वर करून हात पाण्यात घातला. बोंडांनी तिचं बोट धरलं. डंख नव्हता, नुसती पकड. झोपेतसुद्धा ठकी तिचं बोट अशीच धरून ठेवायची. ती थांबली. पंपवाल्यानं शिडी उतरून शिडी दुसरीकडं नेली, तरी ती तशीच वाकून उभी.

"वहिनी, लग्न लागलं का काय त्याच्याशी?"

तेव्हा कुठं बोट सुटलं.

२

घर फार लांब नव्हतं. बसमधून उतरून जिने चढायचे. पुढची खोली, तिच्यात सासूबाईंची खुर्ची आणि टीव्ही. आतली खोली, तिच्यात पलंग, पाळणा आणि खिडकी. आणि बाजूला एकाच माणसाला वळता येईल एवढं स्वयंपाकघर. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, त्यामुळे तो घरात कमी आणि फोनवर जास्त. नोकरी सोडून भागणार नव्हतं.

रोज सकाळी निघताना ठकी तिची कॉलर घट्ट धरायची आणि सुटली की घर डोक्यावर घ्यायची. ही जिन्यात उभी राहून ते ऐकायची, मग पुन्हा वर यायची, पुन्हा निघायची.

"जीव इथं आणि पाय तिथं," सासूबाई वैतागायच्या. "दोन भाग कर बाई स्वतःचे. एक माझ्याकडं ठेवून जा, निदान पोरगी तरी गप्प बसेल."

दुपारी परत येताना खालच्या मजल्यावरच ठकीचं रडणं ऐकू यायचं. कुलूप, दार, चपला, काही न बघता ती आत धावायची. तिला खरी भीती भुकेची नव्हती. भुकेनं रडणारं पोर आईला विसरत नाही. ठकी एक दिवस रडायची थांबेल, आपण नसलो तरी तिला चालायला लागेल, आणि आपण दारात उभ्या राहिलो तर ती दुसऱ्या कुणाकडं बघावं तशी बघेल, ही ती भीती. कुणाला सांगावी तर वेड्यात काढतील.

आणि एका दुपारी जिन्यात काहीच ऐकू आलं नाही.

ती दोन दोन पायऱ्या चढून गेली. सासूबाई खुर्चीत डुलक्या घेत होत्या, टीव्ही आपला आपण बोलत होता. आत पलंगाच्या कडेला उशा लावलेल्या, आणि उशांमध्ये ठकी स्वतःच्या पायाचा अंगठा धरून खेळत होती. आईला बघून हसली. एवढंच. हिनं तिला उचलून छातीशी धरलं, तर ठकीनं तोंड फिरवलं. पोट भरलेल्या मुलासारखं, आरामात. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात दूध सुकलं होतं.

"आई, बाटलीनं प्यायली?" तिनं बाहेर येऊन विचारलं.

"बाटली कशाला? तू पाजून गेलीस ना मगाशी."

"मी?"

"मग कोण, मी?" सासूबाई डोळे न उघडताच म्हणाल्या. "आलीस, पाजलंस, गेलीस. एक शब्द बोलली नाहीस. म्हटलं, घाईत असेल."

स्वयंपाकघरात सकाळी काढून ठेवलेलं दूध बाटलीत तसंच होतं, वर साईचा पट्टा धरलेला. तिनं बाटली हलवली, पट्टा मोडला. मग तिनं स्वतःची समजूत घातली. म्हातारं माणूस, डुलकी लागली असेल, सकाळचं दुपारी झालं असेल डोक्यात. सकाळी ठकी जास्त प्यायली असेल. सुकलेलं दूध सकाळचंच. सगळं जुळत होतं.

फक्त दाराशी तिच्या घरात घालायच्या स्लिपर होत्या, आणि त्यांचे तळ ओले होते.

३

मागच्या खोलीत पंपांचा आवाज इतका, की शेजारचा माणूस काय बोलतो ते त्याच्या ओठांवरून कळायचं. त्यामुळे तिथं कुणीही काहीही गुणगुणावं. ती समुद्रफुलाला चिमट्यानं कोळंबीचा तुकडा द्यायची आणि तोंडाला येईल ते जोडून म्हणायची.

*हले हले बोंड हले,*
*पाण्यामध्ये कोण डुले,*
*डुलणाऱ्याला पाय एक,*
*पायाखाली माझी लेक.*

शेवटची ओळ यमक जुळवताना आली, आणि आली तशी तिच्या अंगावर काटा आला. असलं कसलं तोंडातून निघालं? तिनं ती ओळ लगेच टाकून दिली आणि पुढं नुसतं हुं हुं केलं.

त्या दिवशी फुलानं कोळंबी घेतली नाही. तुकडा हातांवरून घसरून खाली पडला. तिनं वाकून नीट बघितलं. ते एरवीसारखं गोल नव्हतं, लांबट झालं होतं, दोन माणसांनी दोन टोकांना धरून चादर ताणावी तसं. आणि तोंड, जे शिवल्यासारखं मिटलेलं असायचं, ते फाकलं होतं.

तिनं डॉक्टरीणबाईंना हाक मारून आणलं.

"बघू या," त्या म्हणाल्या. "रंग ठीक आहे. पाय?"

तिनं पायाकडून बघितलं. पाय एका फटीत होता. आणि पलीकडच्या फटीतही होता.

"दोन ठिकाणी धरून बसलंय हो."

"हं." डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर केला. "हात लावू नकोस. मरतंय का आणखी काही चाललंय, ते उद्यापर्यंत कळेल. वास मारायला लागलं तर मात्र लगेच काढायचं, नाहीतर सगळी टाकी नासेल."

ती दुपारपर्यंत येता जाता वास घेत राहिली. एका फेरीत तिच्या एकदम लक्षात आलं, की आज छाती भरून आलेली नाही. रजेनंतरचे पहिले दिवस या वेळेला दुधानं छातीचा दगड व्हायचा, एप्रनच्या आत रुमाल दुमडून ठेवावा लागायचा. आज रुमाल कोरडा. कालही कोरडाच होता. काळजीनं दूध आटतं, असं तिनं ऐकलं होतं, आणि त्याची तिला काळजी लागली.

घरी आली तर पुन्हा शांतता. ठकी झोपलेली, गाल लाल, मूठ मिटलेली. सासूबाई मात्र जाग्या होत्या आणि कुरकुरत होत्या.

"गाणं म्हणायचं तर चांगलं म्हणावं माणसानं. पायाखाली लेक! असलं ऐकवतात का पोरीला?"

तिच्या हातातली पिशवी हातातच राहिली.

"कधी म्हटलं मी?"

"आत्ता तर म्हणत होतीस मांडीवर घेऊन. पुन्हा पुन्हा तेच. मी म्हटलंही, अगं दुसरं काही येत नाही का. तर नुसती हसलीस."

म्हणजे सकाळी निघताना आपल्या तोंडात असणार, तिनं ठरवलं. आधी घरी सुचलं असेल आणि तिकडं नव्यानं सुचलं असं वाटलं असेल. होतं असं. माणूस थकलं की होतं. ती तोंडावर पाणी मारायला मोरीकडं गेली, तर दोरीवर तिचा फुलाफुलांचा गाऊन वाळत होता. सकाळी तो तिनं घडी घालून कपाटात ठेवला होता. गाऊन छातीपाशी नीट धुवून पिळलेला होता, दुधाचे डाग काढावेत तसा.

तिनं सासूबाईंना विचारलं नाही. विचारलं असतं, तर त्यांनी उत्तर दिलं असतं.

४

दुसऱ्या दिवशी खडकावर दोन फुलं होती.

पंपवाला आधीच टाकीपाशी उभा होता. "वहिनी, अभिनंदन. पेढे कोण वाटणार, तुम्ही का डॉक्टरीणबाई?"

दोन्ही सारख्याच आकाराची, सारख्याच रंगाची. एकमेकांकडं तोंड करून, बाजूच्या बाजूच्या फटींत. फक्त प्रत्येकाच्या एका अंगाला ओबडधोबड चीर होती, आणि ती चीर आतल्या बाजूला वळून आपली आपण मिटत चालली होती.

"अगं, घाबरलीस काय अशी?" डॉक्टरीणबाई खुशीत होत्या. "मेलं नाही, दुभागलं. तोंडाच्या मधोमध फाटतात ही. चार दिवसांत दोघांनाही पुरतं तोंड येईल."

"यातलं जुनं कुठलं?"

"जुनं नवं नसतं यांच्यात."

"तसं नाही. आई कुठली आणि पिल्लू कुठलं?"

"आई नाही, पिल्लू नाही. दोन्ही तेच, कालचं."

ती काचेला कपाळ टेकवून बघत राहिली. "मग कालचं होतं त्याला काय वाटत असेल? ते आता यात असेल का त्यात?"

"त्याला डोकं असतं तर काही वाटलं असतं. ना डोकं ना डोळे. तू चहा घेतलास का सकाळपासून? चेहरा बघ कसा झालाय."

"पण का होतं असं?"

"चांगलं खाऊन पिऊन असलं तरी होतं. जीव मेटाकुटीला आला, एका जागी भागेना, तरी होतं. बाहेरून बघून सांगता येत नाही." डॉक्टरीणबाईंनी काचेची लांब कांडी घेतली आणि एका फुलाचे हात हलकेच दुसऱ्याकडं सारले. "हे बघ, गंमत. दुसरीकडून आणलेलं, परकं फूल असतं, तर दोघांनी एकमेकांना भाजून काढलं असतं. आता बघ."

बोंडं बोंडांना लागली. अंग चोरलं नाही, मागं सरली नाहीत. एकमेकांत शांतपणे मिसळली. कुठले हात कुणाचे, ते कळेना.

"आता यातलं एक पुढच्या टाकीत न्यायचं," डॉक्टरीणबाई हात पुसत म्हणाल्या. "इथं एकच बरं. ज्याचा पाय सैल असेल ते हलवू. तू बघून ठेव."

त्या गेल्या. तिनं बाही वर केली. एका फुलाला बोट लावलं, त्यानं धरलं आणि सोडेना. दुसऱ्याला लावलं, त्यानंही धरलं. मग आपण होऊन सोडून दिलं. अगदी लगेच. ओळखीचं माणूस समजून हात धरावा आणि तोंड बघितल्यावर सोडावा, तसं.

तिनं हात पुसला आणि ती थेट सामानाच्या खोलीत गेली. तिथं पंपांचा आवाज कमी यायचा. तिनं घरी फोन लावला.

५

फोन बराच वेळ वाजला. सासूबाईंना चष्म्याशिवाय नंबर दिसत नसे, आणि फोन वाजला की चष्मा सापडत नसे.

"हॅलो, कोण?"

"मी."

"मी कोण?"

"अहो आई, मी. ठकी काय करतेय?"

पलीकडं टीव्हीचा आवाज कमी झाला.

"कोण पाहिजे तुम्हाला?" सासूबाईंनी विचारलं.

"असं काय करता? सून बोलतेय तुमची. आवाज ओळखू येत नाही का?"

"येतोय ना," सासूबाई हळूच म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका बारीक झालेला तिनं कधी ऐकला नव्हता. "म्हणून तर विचारतेय. सून आत पोरीला पाजत बसलीये. मला इथून दिसतेय."

सामानाच्या खोलीत मिठाची पोती रचून ठेवली होती. ती त्यांना धरून खाली बसली. वेडं म्हणतात ते हेच असेल का, असं तिच्या मनात आलं. आणि हेच असू दे, असंही आलं. आपणच वेड्या झालो असू, तर गोळ्या मिळतात, माणसं बरी होतात. निदान ठकीपाशी तरी कुणी नसेल.

"आई, नीट बघा. तोंड बघितलंत का तिचं?"

"पाठ आहे माझ्याकडं."

"तिला द्या फोन."

"अगं... अहो, पण..."

"द्या म्हणते ना!"

सासूबाईंच्या चपलांचा आवाज आला, फटक फटक, पुढच्या खोलीतून आतल्या खोलीकडं. दाराच्या बिजागरीची ओळखीची कुरकुर. मग कापडाची सळसळ, आणि कानाच्या अगदी जवळ ठकीचं पिणं. घोट, नाकातून छोटा हुंकार, पुन्हा घोट. हा आवाज जगात आपल्याइतका जवळून कुणी ऐकलेला नाही, असं तिला कालपर्यंत वाटत होतं.

"बोला," फोनमधून कुणीतरी म्हणालं.

स्वतःचा आवाज फोनवर ऐकला की माणसाला परका वाटतो. हा परका वाटला नाही. आतून ऐकू यावा तसा आला.

त्या आवाजात राग नव्हता. भीती नव्हती. काही विकायला फोन करणाऱ्याशी आपण जसं बोलतो, घाईनं आणि तोंडदेखलं, तसा तो होता.

"बोला ना पटकन. पोरगी अंगावर आहे माझ्या."

तिच्या तोंडून एकच शब्द निघाला. "ठकी."

पिण्याचा आवाज थांबला. पलीकडं दोन श्वास ऐकू येत होते, एक मोठा, एक इवलासा. मग फोन कट झाला.

६

"वहिनी, बूट तरी बदला!" पंपवाला मागून ओरडला, तेव्हा ती फाटकाबाहेर होती.

भर दुपार होती. बसमध्ये लोक जागा देत होते, सुटे मागत होते, खिडकीतून बाहेर बघत होते. एका बाईनं तिच्या ओल्या एप्रनपासून आपली पिशवी बाजूला घेतली. सगळं इतकं रोजचं होतं, की अर्ध्या वाटेत तिचा धीर परत आला. ती मनातल्या मनात पाढा म्हणावा तशी बोलत राहिली. सासूबाई म्हाताऱ्या आहेत. शेजारच्या बाईनं घेतलं असेल ठकीला. तिचंही पोर लहान आहे, ती पाजत असेल, पाजतात एकमेकींच्या पोरांना. आवाज कुणाचाही कुणासारखा असतो. घरी गेल्यावर तिचे आभार मानायचे. मग ठकीला घ्यायचं. उद्या सुट्टी. नोकरी गेली तर गेली, ठकीला सोडून आता कुठं जायचं नाही.

जिन्यात शांत होतं. शेवटच्या मजल्यावर तिच्या कानावर पडलं, ते रडणं नव्हतं. कुणीतरी हुं हुं करत होतं. सूर तिचा होता.

दार नुसतं लोटलेलं. पुढच्या खोलीत खुर्ची रिकामी, टीव्ही बंद. स्वयंपाकघरात नळ सोडलेला होता आणि सासूबाई तिच्याकडं पाठ करून एकच भांडं घासत होत्या. त्यांनी वळून बघितलं नाही. त्यांना चाहूल लागली नाही म्हणावं, तर त्यांचे हात क्षणभर थांबले होते. मग ते आणखी जोरात भांडं घासू लागले.

"आई," ती म्हणाली.

सासूबाईंनी नळ मोठा केला.

आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. तिनं ते ढकललं नाही. फटीतून जेवढं दिसलं, तेवढं दिसलं.

पलंगाच्या कडेवर, खिडकीकडं तोंड करून, एक बाई बसली होती. आपली पाठ आपण कधी बघितलेली नसते, त्यामुळे पहिल्यांदा तिला ती ओळखू आली नाही. ओळखू आला तो फुलाफुलांचा गाऊन. मग मानेवरचे सुटलेले केस. मग डावा खांदा उजव्यापेक्षा थोडा खाली गेलेला, रोज त्याच बाजूला पोर घेऊन जातो तसा. बाईच्या मानेवर, केसांच्या खाली, कातडीत एक लांब रेघ होती. गुलाबी, मिटत आलेली. रेघेच्या एका बाजूची कातडी जुनी होती आणि दुसऱ्या बाजूची अगदी नवी, ठकीसारखी.

आपोआप तिचा हात स्वतःच्या मानेकडं गेला, आणि तिनं तो मधेच थांबवला. तिथं काय लागेल, ते तिला बघायचं नव्हतं.

पाजणं झालं होतं. बाईनं ठकीला उचलून खांद्यावर घेतलं आणि पाठीवर थोपटायला लागली. थोपटणं बरोबर होतं. खालून वर, तळहात जरा पोकळ धरून. ठकीनं ढेकर दिला. तिची हनुवटी बाईच्या खांद्यावर टेकलेली होती, ओठ दुधानं चकाकत होते, आणि डोळे दाराकडं होते.

ठकीनं तिला बघितलं.

दारातून ही हसली. कोण जाणे कसं, पण हिला हसू आलं. दोन्ही हात पुढं झाले. बोटं उघडझाप करून ती ठकीला रोज बोलवायची, तशीच ती उघडमीट झाली. ये. ये ना गं.

ठकी बघत राहिली. एप्रन, रबरी बूट, विस्कटलेलं तोंड, पुढं आलेले हात. तिच्या कपाळावर आठी पडली. खालचा ओठ पुढं आला आणि थरथरायला लागला. सुई टोचणाऱ्या बाईला बघून थरथरायचा, तसा. मग तिनं तोंड उघडलं आणि किंचाळली. पोटातून, घाबरून, श्वास अडकेपर्यंत. वळली आणि तिनं आपलं तोंड त्या दुसऱ्या मानेत खुपसलं, इवल्या मुठीनं गाऊनची कॉलर घट्ट धरली.

"नाही गं राणी," बाई मागं न बघता म्हणाली. "कुणी नाही. कुणी नाहीये तिथं."

ते रडणं कानावर पडताच तिला पान्हा फुटला. इतक्या दिवसांनी, एकदम, दोन्हीकडून. एप्रन पुढून भिजत गेला. आत जावं, हिसकावून घ्यावं, ओरडावं, सगळं तिच्या अंगात उभं राहिलं होतं. पण ठकीचा श्वास अडकत होता. रडता रडता ती निळी पडत चालली होती. तिची नजर पुन्हा दाराकडं गेली, आणि पुन्हा ती किंचाळली.

पोर इतकं घाबरलेलं कुठली आई बघू शकेल?

ती एक पाऊल मागं सरली. मग आणखी एक. बूट वाजू नयेत म्हणून तिनं टाचा उचलल्या. बिजागरी कुरकुरू नये म्हणून दार जरासं वर उचलून धरलं, आणि हळूच ओढून घेतलं.

आत रडणं थांबलं.